चषकाच्या चिंध्या

विद्यापीठाच्या संग्रहालयात मी एकतीस वर्षं भांडी घासली. हुद्दा 'धातुवस्तू संवर्धन सहायक' असा भारदस्त होता, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सकाळी नऊला यायचं, अॅप्रन चढवायचा, खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवायची आणि घासायला बसायचं. घरी आपली भांडी, इथे दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांची. फरक इतकाच, की घरच्या भांड्यांना क्रमांक नव्हते आणि ती घासताना कोणी प्रबंध लिहीत नव्हतं.

माझी खोली तळघरात. एक लांब टेबल, एक नळ, छतालगत एक जाळीची खिडकी. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. विद्वानांचे बूट मी चालीवरून ओळखायला लागले होते. वरच्या मजल्यावर दोन दालनं होती. एकात घरगुती वस्तू: कोळशाच्या इस्त्र्या, तांब्याच्या किटल्या, माणसाच्या पंजाएवढी कुलपं, पळ्या, कंदील. दुसऱ्यात चर्चमधल्या: घंटा, मेणबत्त्यांची उंच स्टँडं, धूपदान आणि काचेच्या पेटीत मधोमध चांदीचा चषक. ज्यांनी जन्मात स्टोव्ह पेटवला नाही ते किटल्यांवर व्याख्यानं द्यायचे, आणि जे लग्नाशिवाय चर्चची पायरी चढले नाहीत ते चषकावर. ऐकायला वीस माणसं यायची. त्यातली पंधरा चहासाठी.

आमचे संचालक सोळा वर्षांपूर्वी आले. मी त्यांना आरसेसाहेब म्हणायचे, अर्थात मनात. चकचकीत वस्तू दिसली की त्यात वाकून केस सारखे करायची त्यांना खोड होती. त्यांच्या आधीच्या संचालकांच्या काळात चांदी महिन्यातून एकदा घासली जायची, तीही तोंडी सांगण्यावरून. आरसेसाहेब आले आणि पाहुण्यांची रीघ लागली. आज कुलगुरूंचे व्याही, उद्या कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष, परवा त्या अध्यक्षांच्या मेव्हण्या. दर आठवड्याला शिपायाच्या हाती चिठ्ठी यायची, खाली झोकदार सही: 'मावशी, उद्या पाहुणे आहेत. चषक झगमगला पाहिजे.' काम असलं की मी मावशी. काम नसलं की बाई. आणि शेवटी शेवटी तर मी 'सदर कर्मचारी' झाले, त्याचीच ही गोष्ट.

त्या चषकाच्या पायाच्या कडेने एक ओळ कोरलेली होती. कोरणारा शिकलेला नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. माझे वडील सराफाच्या दुकानात अक्षरं कोरायचे, त्यामुळे हात कसा चालला ते मला दिसतं. सुरुवातीला ऐसपैस अक्षरं, मग जागा कमी पडतेय हे लक्षात आल्यावर दाटीवाटी, आणि शेवटचा शब्द तर कसाबसा कोपऱ्यात कोंबलेला. ओळ अशी होती: 'समुद्रावरून न परतलेल्या माझ्या तीन मुलांसाठी. आई.' कोंबलेला शब्द होता 'आई'.

घासताना माझा अंगठा दर वेळी त्या ओळीवरून फिरायचा. माझ्या नोकरीच्या पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत ती नखाला लागायची. मग फक्त कातडीला लागायला लागली. एकदा धीर करून मी वर गेले आणि म्हणाले, "साहेब, इतकं घासू नये. अक्षरं झिजताहेत."

आरसेसाहेब हसले. "अक्षरं कोण वाचतंय, मावशी? लोक चमक बघतात."

मी खाली आले आणि घासायला बसले. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी इतरांना नावं ठेवते आणि स्वतः मात्र धुतल्या तांदळासारखी असं व्हायचं. मला दिसत होतं, कळत होतं, आणि मी घासत राहिले. नोकरी होती. गेल्या चार वर्षांत ती ओळ पूर्ण गेली. आता तिथे गुळगुळीत चांदी आहे आणि आरसेसाहेबांना तिच्यात भांग छान दिसतो.

आता माझ्या आईबद्दल. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आई झारेकरीण होती. सराफाच्या दुकानातला केर, राख, पुसायच्या चिंध्या हे सगळं जाळून, धुऊन, गाळून त्यातला सोन्याचांदीचा कण काढायचा, हे झारेकऱ्याचं काम. चांदी पुसलेली चिंधी फेकणं म्हणजे आमच्या घरी अन्न फेकण्याइतकं पाप. चिंधी काळी झाली की कागदात गुंडाळायची, वर तारीख घालायची, आणि चांदीची चिंधी पितळेच्या चिंधीला शिवू द्यायची नाही. दोन्ही एकत्र करणाऱ्याला आई उलथण्याने मारायची. मी खाल्लेला आहे तो मार.

आणि एवढं करून रोज संध्याकाळी दुकानातून निघताना मालक तिला दारात थांबवायचा. ती केस मोकळे सोडायची, वाकायची आणि कागदावर विंचरायची, कारण केसांत कण अडकून जातील. मग घमेल्यात हात धुवायची. ते पाणीसुद्धा मालक ठेवून घ्यायचा. तीस वर्षं रोज. जी बाई दुसऱ्याचा कण न् कण वेचून द्यायची, तिलाच रोज चोर धरून तपासायचे. मी विद्यापीठात लागले तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं. तिथे केस विंचरून दाखवावे लागणार नाहीत."

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना विद्यापीठाला वस्तूंची तपासणी सुचली. एकतीस वर्षांत झाली नव्हती. वरातीमागून घोडं आलं आणि त्या घोड्यावर धातुशास्त्राचे प्राध्यापक बसून आले. त्यांच्याकडे स्वतःचा वजनकाटा होता, मखमलीच्या पेटीत, आणि ते तो कुणाच्या हाती देत नसत. तीन दिवस एकेक वस्तू चढली, उतरली. जुन्या नोंदवहीतल्या वजनाशी ताडून पाहिली. इस्त्र्या बरोबर भरल्या. कुलपं बरोबर भरली. चांदीच्या सहा वस्तू मात्र कमी भरल्या. चषक नोंदीत सहाशे बारा ग्रॅम होता, काट्यावर पाचशे एकोणनव्वद. सहांची मिळून तूट त्रेचाळीस ग्रॅम.

मला वर बोलावलं. आरसेसाहेब खुर्चीत, प्राध्यापक काट्यामागे, आणि कार्यालयातल्या लेखनिकबाई वही उघडून.

"बाई, चांदीच्या वस्तूंना हात फक्त तुम्हीच लावता ना?" साहेबांनी विचारलं. मावशी तिथेच संपली.

"हो. मीच."

"मग त्रेचाळीस ग्रॅम गेले कुठे?"

मी म्हणाले, "झिजले, साहेब. घासून घासून."

प्राध्यापकांनी नाकाने कांदे सोलावेत तसा चेहरा केला. कागदावर आकडेमोड केली आणि कागद माझ्याकडे वळवला, जणू मी तो फ्रेम करून घरी लावणार होते. "एका घासण्यात चषकाची पंचवीस मिलिग्रॅम चांदी जाते असं धरू. नियमाप्रमाणे वर्षातून दोनदा घासायचं. एकतीस वर्षांत बासष्ट वेळा. म्हणजे फार तर दीड ग्रॅम. बाकीचं?"

"दोनदा?" मी आरसेसाहेबांकडे पाहिलं.

"नियमावलीत दोनदाच आहे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आम्ही नियमाबाहेर काही करत नाही."

सोळा वर्षं दर आठवड्याला चिठ्ठी पाठवणारा माणूस हे बोलला, आणि त्याच्या आवाजात केसाएवढाही चरा नव्हता. मी इतकी थक्क झाले की तोंडातून शब्द फुटेना. माझं गप्प बसणं लेखनिकबाईंनी वहीत लिहून घेतलं.

मग माझ्या खोलीची झडती झाली. पहारेकरी, साहेब, प्राध्यापक असे तिघे तळघरात उतरले. पहारेकऱ्याने माझी पिशवी टेबलावर रिकामी केली: डबा, चष्मा, गुडघ्याला लावायचं मलम. मग कपाट उघडलं. खालच्या दोन कप्प्यांत बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, एकतीस, प्रत्येकावर वर्ष लिहिलेलं. साहेबांनी एक उघडला. आत कागदात गुंडाळलेल्या काळ्या चिंध्यांच्या पुरचुंड्या.

"हे काय आहे?"

"चांदीच्या चिंध्या."

"कशासाठी जमवल्या?"

खरं उत्तर 'आईने सांगितलं होतं' असं होतं, पण साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईने ते द्यायचं म्हणजे कसं वाटतं बघा. मी म्हणाले, "टाकवत नाहीत."

"टाकवत नाहीत!" साहेब प्राध्यापकांकडे वळून म्हणाले. "यातून चांदी काढता येते ना?"

"येते की," प्राध्यापक म्हणाले.

झालं. घासून झिजली असं मी म्हटलं तेव्हा झीज दीड ग्रॅम होती. चिंध्या सापडल्यावर त्यांत एकदम चोरीचा माल भरला. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात पाच मिनिटांच्या अंतराने राहू शकतात, हे शिकायला विद्यापीठातच यावं लागतं. साहेबांनी स्वतःच्या हाताने डब्यांना लाख लावली, सही केली आणि 'पुरावा' असं लिहिलं. मला घरी पाठवलं. फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी पुन्हा तपासली. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, ऑर्डर आहे." मला आईचे केस आठवले आणि भर रस्त्यात रडू आलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बसडेपोत मेकॅनिक होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून नखांत ग्रीस आहे. त्याने सगळं ऐकलं, स्वयंपाकघरातला चमच्यांचा डबा काढला आणि एकेक चमचा उजेडात धरून बघितला.

"सगळे स्टीलचे," तो म्हणाला. "एकतीस वर्षं चोरी करून घरात चांदीचा एक चमचा नाही? तुझ्याइतकी नालायक चोर मी पाहिली नाही."

मी हसले आणि मग पुन्हा रडले. वरच्या मजल्यावर राहणारी जाऊ लगेच साखर मागायला आली. तिच्याकडे साखर असते. तिला बातमी हवी होती. "मी म्हणत नाही काही," ती म्हणाली, "पण आगीशिवाय धूर निघत नाही, असं लोक म्हणतात."

"वहिनी," नवरा म्हणाला, "धूर बघायला आलात, साखर मात्र विसरू नका."

ती गेली. पण ती जे बोलली ते आता गल्लीभर बोललं जाणार होतं. झारेकरणीची मुलगी, चांदीला हात मारला, रक्तातच असेल. पेन्शन अडकेल याची भीती होतीच, पण मला खाऊन टाकत होतं ते हेच. आई रोज तपासली गेली आणि एकदाही चोर ठरली नाही. मी एकदाच तपासली गेले आणि ठरणार होते.

"तू उद्या त्यांना सांग, डबे उघडा म्हणावं," नवरा म्हणाला.

"त्यांनीच लाख लावलीय."

"मग बरंच झालं. त्यांनीच लावलेली लाख त्यांनीच फोडायची. तू काही घातलंस असं म्हणायला नको."

समितीची बैठक चार दिवसांनी झाली. समिती म्हणजे साहेब, प्राध्यापक आणि लेखनिकबाई. ज्यांनी आरोप केला तेच न्याय करायला बसले. प्राध्यापकांनी विचारलं, मला काही म्हणायचं आहे का. मी म्हणाले, "डबे उघडा. चिंध्या नंतर. आधी कागद बघा."

"कुठले कागद?"

"चिंध्या ज्यात बांधल्यात ते."

प्राध्यापकांनी लाख फोडली. पहिली पुरचुंडी सोडली, कागद टेबलावर सपाट केला आणि वाचला. मग दुसरी. तिसरीनंतर त्यांनी साहेबांकडे पाहिलं. मी चिंध्या बांधायला नवा कागद कुठून आणणार? दर आठवड्याला येणारी चिठ्ठीच वापरायचे. तारीखही आयती असायची. 'मावशी, उद्या पाहुणे आहेत. चषक झगमगला पाहिजे.' 'मावशी, कालच्यापेक्षा जास्त चमक हवी.' 'मावशी, कुलगुरूंच्या सूनबाई येत आहेत, चांदी सगळी काढा.' एकीत तर नुसतंच 'पुन्हा!' होतं. प्रत्येक चिठ्ठीखाली ती झोकदार सही, आणि ती ज्या डब्यात होती त्याच्यावर पुरावा म्हणूनही तीच सही.

लेखनिकबाईंनी मोजायला घेतल्या. तासभर लागला. मला त्या तासाचा पूर्ण आनंद मिळाला, खोटं कशाला बोलू. आठशे बेचाळीस भरल्या. प्राध्यापकांनी कागद घेतला, पंचवीस मिलिग्रॅमने गुणलं, आधीच्या संचालकांच्या काळातले महिन्याचे हिशेब त्यात मिळवले आणि पेन खाली ठेवलं. उत्तर चषकाच्या तेवीस ग्रॅमच्या तुटीजवळच येत होतं. थोडं वरच.

आता माणसाने काय म्हणावं? चुकलं म्हणावं. आरसेसाहेब म्हणाले, "चमकवा म्हणजे धूळ पुसा, एवढाच अर्थ असतो. इतकं जोरात घासायला मी कुठे सांगितलं? आणि चिठ्ठ्या म्हणजे काही चांदी नव्हे. चिंध्यांत चांदी आहे हे तरी कशावरून? ती यांनी आधीच काढून घेतली असेल."

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" मी म्हणाले. "प्राध्यापकसाहेबांकडे भट्टी आहे. जाळा. मी काढून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही सगळे जमलो. तिथली भट्टी कपाटाएवढी, अंगावर आकड्यांचे लाल दिवे. मी घरून आईची चांदी वितळवायची मूस, मळ काढणारा टाकणखार आणि लोखंडी साचा आणला होता. चिंध्या जाळल्या. खोलीभर घाण वास पसरला आणि साहेबांनी रुमाल नाकाला लावला. राख थंड झाल्यावर प्राध्यापक ती तशीच मुशीत भरायला निघाले.

"अहो, थांबा," मी म्हणाले. "आधी धुवायची. एक परात द्या."

प्रयोगशाळेत परात नव्हती. लाखोंची यंत्रं होती, परात नव्हती. शेवटी कॅन्टीनमधून आणली. मी जमिनीवर बसले, राख पाण्यात घेतली आणि परात हलवायला लागले. आई हलवायची तशीच, मनगटातून. हलकी राख काठावरून निघून जाते, जड ते तळाशी बसतं. चाळीस वर्षांत मी हे केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. तळाशी करड्या गाळाचा थर राहिला. तो वाळवला, टाकणखार घातला, मूस भट्टीत ठेवली. बाहेर काढली तेव्हा त्यात लालभडक थेंब हलत होता. साच्यात ओतला. थंड झाल्यावर मोठ्या कोटाच्या बटणाएवढी चांदीची चकती निघाली.

प्राध्यापकांनी ती मखमलीतल्या काट्यावर ठेवली. छत्तीस ग्रॅम.

"आणखी सात ग्रॅम?" साहेबांनी विचारलं. खरंच विचारलं.

"दर वेळी घासून झाल्यावर मी हात धुतले, साहेब," मी म्हणाले. "माझ्या आईच्या मालकाने ते पाणीसुद्धा ठेवून घेतलं असतं. तो तुमच्यापेक्षा हुशार होता."

लेखनिकबाई खोकल्याच्या आवाजात हसल्या. ते मात्र त्यांनी लिहून घेतलं नाही.

अहवाल आठवड्याने आला. सदर कर्मचाऱ्याविरुद्धचा आरोप सिद्ध होऊ शकला नाही, असं त्यात होतं. चोरी केली नाही असं नव्हतं, सिद्ध होऊ शकला नाही असं होतं; म्हणजे प्रयत्न पुष्कळ केला, यश आलं नाही. तूट 'कालौघातील नैसर्गिक झीज' ठरली. सोळा वर्षं माझ्या खांद्यातून कळा निघायच्या, तो कालौघ. चिठ्ठ्या 'संबंधितांना परत' दिल्या, म्हणजे साहेबांना, आणि त्यांनी त्यांचं काय केलं ते देव जाणे. एवढं खरं, की पेन्शनचे कागद पुढे सरकले, आणि जाऊने साखर परत आणून दिली. न सांगता.

चकतीला मात्र मान मिळाला. तिला क्रमांक दिला. साहेबांना एका रात्रीत तिच्यात 'वस्तूचा नवा आयुष्यक्रम' दिसायला लागला आणि त्यावर ते शोधनिबंध वाचणार असं ठरलं. चषकाशेजारी तिची पेटी लागणार होती. नोंद करायला मला बोलावलं, कारण चकतीचा इतिहास मलाच माहीत होता. प्राध्यापक विचारत होते, लेखनिकबाई लिहीत होत्या. धातू: चांदी. वजन: छत्तीस ग्रॅम. कोरीव लेख: नाही.

"साहेब, एक विनंती आहे," मी म्हणाले. "चषकाच्या नोंदीत नुसतं 'पायाशी लेख' असं आहे. काय लेख ते कुणी उतरवून घेतलं नाही. आता तो गेला. मला पाठ आहे. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या."

मी ओळ म्हटली. लेखनिकबाईंनी पेन टेकवलंसुद्धा.

"लिहू नका," प्राध्यापक म्हणाले. "याला पुरावा काय?"

"मी वर्षानुवर्षं वाचलंय."

"तुम्ही वाचलंत हा पुरावा होत नाही, बाई. फोटो आहे का? ठसा आहे का?"

साहेब समजूत घालत म्हणाले, "आणि मावशी, लेख झिजला असं नोंदवलं तर तो कसा झिजला असाही प्रश्न येतो. कशाला उगीच?"

मावशी परत आली होती. माझ्यावरचा चोरीचा आळ काढायला त्यांनी छत्तीस ग्रॅम चांदी मागितली, मी दिली. पण जी खरी चोरी माझ्या हातून झाली होती, तिची नोंद घ्यायला कोणी तयार नव्हतं. तिघा मुलांची आई. समुद्राने मुलं नेली आणि तिचा शब्द मी नेला, भुकटी लावून, पगार घेऊन. त्या दिवशी मला स्वतःचीही तितकीच चीड आली जितकी त्यांची.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी शिपाई चिठ्ठी घेऊन आला, आणि चकतीही. 'मावशी, उद्या पाहुणे आहेत. नवी चकती जरा चमकवून ठेवा.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली. मग दार लावून घेतलं, टेबल खिडकीखाली ओढलं आणि पिशवीतून वडिलांची कोरणी काढली. मूस शोधताना ती हाती लागली होती, म्हणून आणली होती असं म्हणा. चकती पालथी करून लाकडी ठोकळ्यावर बसवली. आधी सुईने हलक्या रेघा आखून जागा मापली, वडील मापायचे तशी, म्हणजे शेवटी दाटी होत नाही. मग एकेक अक्षर घेतलं. माझा हात आता थरथरतो, तरी आडव्या रेघा चांगल्या आल्या. खिडकीतून विद्वानांचे बूट जात होते, येत होते. 'समुद्रावरून न परतलेल्या माझ्या तीन मुलांसाठी.' आणि खाली वेगळ्या ओळीत, भरपूर मोकळी जागा सोडून, 'आई.'

त्या अक्षरांची चांदी याच चकतीत होती. तिच्या जागी ती परत गेली, इतकंच मी म्हणेन. निघालेला कीस मी झटकला नाही. चिठ्ठीवर गोळा केला, पुडी बांधली आणि वर तारीख घातली. मग वरची बाजू घासली, इतकी की साहेबांना तिच्यात भांग काढता यावा.

दुसऱ्या दिवशी पेटीत ठेवण्याआधी प्राध्यापकांनी काटा काढला. मी शेजारीच उभी होते. भीती वाटत होती. नाही वाटली म्हणाले तर खोटं होईल. या वेळी त्यांनी मला पकडलं असतं तर ते बरोबर ठरले असते. त्यांनी चकती दोन बोटांत उचलली, काट्यावर ठेवली, चष्मा वर करून आकडा बघितला.

"छत्तीस. बरोबर," ते म्हणाले आणि सही केली.

"एक मिनिट," मी म्हणाले आणि पुडी त्यांच्यापुढे ठेवली. "चमकवताना थोडा कीस निघाला. हाही विद्यापीठाचाच. जमा करून घ्या."

त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. लेखनिकबाईंनी घेतली, तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या बाईला सगळं कळलं असावं, कारण तिने पुडी फार जपून वहीत ठेवली आणि काही विचारलं नाही. साहेबांनी चकती मखमलीवर ठेवली, वाकून केस सारखे केले आणि पेटीला कुलूप लावलं.

संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्याने पुन्हा पिशवी मागितली. ती ऑर्डर रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी पिशवी उघडून दाखवली, आणि त्याने नको नको म्हणत असताना अंबाडाही सोडून केस झटकून दाखवले. फाटकाबाहेर नवरा उभा होता. "सापडलं काही?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "सगळं आत ठेवून आले."

पुढची तपासणी कधीतरी होईलच. कुणीतरी प्राध्यापक येतील, चकती काढतील, काट्यावर ठेवतील, छत्तीस लिहितील आणि परत ठेवतील. तिथे जायचं झालं तर एवढंच करा: ती चकती उलटी करून दाखवा म्हणून सांगा. ते तोलतात. वाचायची त्यांना सवय नाही.